पोटरीतले पोट, गुडघ्याची वाटी

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणारी मुलगी १९ वर्षांची आहे. शेतकरी घरातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, आता वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. शरीररचनेतले शब्द तिला पाठ होत नाहीत. रात्री घोकलेले सकाळी पुसून गेलेले असतात. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘गॅस्ट्रोक्नेमिअस’ या शब्दावर जीभ अडखळली तेव्हा बरोबरची मुले हसली आणि तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडत नाही. खोलीतली मैत्रीण इंग्रजी माध्यमातली आहे, तिला हे सगळे सहज जमते असे हिला वाटते. मैत्रीण सांगते की अर्थ शोधण्यात वेळ घालवू नकोस, आद्याक्षरांची वाक्ये पाठ कर. धाकटा भाऊ वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतो आहे आणि झाडांच्या लॅटिन नावांपुढे त्याचीही तीच गत आहे. दोघांनी मिळून लॅटिनचा ऑनलाइन वर्ग लावावा असे त्यांच्या मनात आहे, पण फी घरी कशी मागायची हा संकोच आहे. तिचा प्रश्न असा: वर्ग लावावा, घोकंपट्टी रेटावी, की हे क्षेत्र मराठी माध्यमातल्या मुलांचे नाहीच असे समजून दुसरी वाट धरावी?

उत्तर:

ज्या शब्दावर तू अडखळलीस, त्या शब्दापासूनच सुरुवात करू. गुडघ्याच्या मागून टाचेकडे उतरताना पायाचा जो भाग गरगरीत फुगलेला असतो, त्याला तुझ्या घरी काय म्हणतात? पोटरी. हा शब्द तू हजार वेळा उच्चारला असशील, पण त्यात ‘पोट’ दडलेले आहे हे कधी तुझ्या कानाला जाणवले का? आता तो अवघड वाटणारा शब्द घे. ग्रीक भाषेत ‘गास्टेर’ म्हणजे पोट आणि ‘क्नेमे’ म्हणजे गुडघ्याखालचा पाय, म्हणून गॅस्ट्रोक्नेमिअस म्हणजे पायाचे पोट. ज्याने ग्रीक नाव दिले आणि ज्याने पहिल्यांदा पोटरी म्हटले, त्या दोघांची कधी गाठ पडलेली नव्हती. दोघांनी एकाच प्रकारचा पाय पाहिला आणि दोघांना एकच उपमा सुचली. घरी फोन करशील तेव्हा वडिलांना विचार, ज्वारी पोटरीत आली म्हणजे काय. ते सांगतील की कणीस अजून बाहेर पडलेले नाही, पण वरच्या पानाचा जो भाग ताटाला गुंडाळलेला असतो त्याच्या आत ते फुगले आहे. म्हणजे तुझ्या गावाने एकच शब्द माणसाच्या पायाला आणि ज्वारीच्या ताटाला वापरला. शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांच्या लॅटिनमध्ये हेच पानोपानी घडलेले तुम्हा भावंडांना दिसेल.

तुझ्या पत्रात तू या शब्दांना सारखे ‘इंग्रजी शब्द’ म्हणतेस. तुझी भीती मला तिथेच रुजलेली दिसते, म्हणून त्यावर थोडे थांबते. हे शब्द इंग्रजी नाहीत. इंग्रजाच्या घरातही पोटरीला ‘काफ’ म्हणतात आणि गुडघ्याच्या वाटीला ‘नीकॅप’ म्हणतात. ‘क्नेमे’ हा शब्द तुझ्या मैत्रिणीच्या आजीनेही कधी उच्चारलेला नाही आणि लंडनमधल्या विद्यार्थ्याच्या आजीनेही नाही. मैत्रिणीला रोमन लिपीतला लांब शब्द न बिचकता वाचून टाकण्याची सवय आहे आणि तो फायदा खरा आहे, तो मी नाकारणार नाही. पण वाचता येणे आणि कळणे यांत अंतर आहे. एकदा तिला सहज विचारून बघ, ‘सार्टोरिअस’ला सार्टोरिअस का म्हणतात. तिलाही ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त आहे. तो शब्द ‘सार्टोर’वरून, म्हणजे शिंप्यावरून आला आहे, कारण जुन्या काळी शिंपी पायावर पाय दुमडून ज्या बैठकीत बसत त्या बैठकीत मांडी वळवण्याचे काम हा स्नायू करतो. तिला ‘थाय’ हा शब्द येतो. तुला ‘मांडी’ हा शब्द येतो आणि ‘मांडी घालून बसणे’ही येते. अवयवाचे नाव आणि त्या बैठकीचे नाव तुझ्या भाषेत एकच आहे, तेव्हा हा स्नायू लक्षात ठेवायला तू तिच्यापेक्षा दोन पावले पुढे आहेस.

दुसरी समजूत अशी की हे शब्द अर्थहीन आहेत आणि अर्थहीन गोष्ट घोकण्यावाचून इलाज नाही. १५४३ साली आंद्रेआस व्हेसालिअसचा मानवी शरीररचनेवरचा प्रसिद्ध ग्रंथ बासेल येथे छापला गेला, तो लॅटिनमध्ये होता, कारण युरोपातले विद्वान तेव्हा त्याच भाषेत एकमेकांशी बोलत. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शरीरशास्त्रज्ञांपुढे अडचण एकच होती: कापून पाहिलेल्या प्रत्येक खाचेला, उंचवट्याला, भोकाला नाव द्यायचे होते आणि नावे आणायची तरी कुठून? त्यांनी ती स्वयंपाकघरातून, शेतातून, घराच्या बांधणीतून आणली. पुढे ही नावे इतकी वाढली की एकाच भागाला दहा-दहा नावे झाली, आणि १८९५ साली पुन्हा बासेल येथेच शरीरशास्त्रज्ञांनी सुमारे ५०,००० नावे चाळून ती सुमारे ५,००० वर आणली. तुझ्यापुढे जी यादी आहे ती अशी पाखडून घेतलेली आहे.

शेतातली मुलगी म्हणून तू हे वाच. नाकाच्या पडद्याच्या खालच्या-मागच्या भागातले पातळ हाड ‘व्होमर’. लॅटिनमध्ये व्होमर म्हणजे नांगराचा फाळ. एकदा ते हाड बोन सेटमध्ये नीट पाहा, फाळ दिसला नाही तर मला कळव. मेंदूच्या पृष्ठभागावरची खाच ‘सल्कस’, म्हणजे नांगराने पाडलेले तास. दोन सल्कसांमधला उंचवटा ‘जायरस’, मूळ ग्रीक अर्थ वळसा. तू मेंदू पहिल्यांदा हातात घेतलास तेव्हा तुला जे दिसले ते सरी-वरंबेच होते, पण ते तसे म्हणायला कुणी परवानगी दिली नव्हती इतकेच. आजारी माणूस बरळू लागला की आपण ‘डिलिरिअम’ म्हणतो, त्यातही शेतच आहे: ‘लीरा’ म्हणजे नांगरटीतली ओळ, आणि ती ओळ सोडून भरकटणे म्हणजे डिलिरिअम. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातातले एक हाड ‘रेडिअस’, म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा आरा.

घराकडे वळलीस तर हृदय सापडेल. रोमन घरात शिरल्यावर मधोमध आभाळाकडे उघडी असलेली जी प्रशस्त जागा असे तिला ‘एट्रिअम’ म्हणत, आपल्या वाड्यातल्या चौकासारखी. शरीरभर फिरून आलेले रक्त हृदयात आधी जिथे येते, तो हा चौक. आणि ‘व्हॉल्व्ह’ ज्या शब्दावरून आला तो ‘वाल्वा’ म्हणजे दुमडणाऱ्या दाराची फळी. मराठीत आपण हृदयाची ‘झडप’ म्हणतो. दार तिकडेही आहे आणि इकडेही आहे.

वाटीची गोष्ट तर मला स्वतःला फार जवळची आहे. एका तोंडी परीक्षेत गावाकडून आलेला एक मुलगा गुडघ्याचे हाड हातात घेऊन गप्प उभा होता, घामाने त्याचा ॲप्रन ओला झाला होता. मी त्याला विचारले, तुझी आई याला काय म्हणते? तो हळूच म्हणाला, ‘गुडघ्याची वाटी.’ त्याला जो शब्द आठवत नव्हता तो ‘पटेला’ आणि लॅटिनमध्ये पटेला म्हणजे लहान उथळ भांडे, म्हणजे जवळजवळ वाटीच. त्याने बरोबर उत्तर दिले होते, फक्त त्याला ते उत्तर आहे हे माहीत नव्हते. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून तुझे पत्र वाचताना मला तू अनोळखी वाटली नाहीस.

आणखी दोन शब्द सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. दंड आवळला की वर येते ती बेटकुळी. काही ठिकाणी तिला बेडकुळी म्हणतात आणि त्या रूपात छोटा बेडूक स्पष्ट दिसतो. रोमन लोकांना त्याच जागी कातडीखाली पळणारा उंदीर दिसला: ‘मुस’ म्हणजे उंदीर, ‘मुस्कुलुस’ म्हणजे उंदराचे पिल्लू, आणि ‘मसल’ हा शब्द त्यातून आला. लॅटिन मुस आणि संस्कृत मूषक हे एकाच घराण्यातले. दुसरा शब्द ‘प्युपिल’. तो आला ‘पुपिल्ला’वरून, म्हणजे लहान मुलगी किंवा बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिले की आपलीच इवलीशी आकृती दिसते. आपण डोळ्यातली बाहुली म्हणतो. संस्कृतात ‘कनीनिका’ म्हणतात आणि त्यातही लहान मुलगीच आहे.

आता व्याकरणाकडे येते, कारण तिथे तुझी बाजू सगळ्यांत भक्कम आहे आणि तुला त्याची कल्पनाही नाही. चेहऱ्याच्या स्नायूंमध्ये एक नाव असे आहे की विद्यार्थी ते पाहूनच पान उलटतात: ‘लेव्हेटर लेबिआय सुपीरिओरिस अलीक्वी नेसाय’. हे नाव पाठ करू नकोस, सोडव. लेव्हेटर म्हणजे उचलणारा. ‘लेबिअम’ म्हणजे ओठ, त्याची षष्ठी ‘लेबिआय’, ओठाचा. सुपीरिओरिस म्हणजे वरच्या. लॅटिनमध्ये विशेषणालाही नामाबरोबर विभक्ती लागते, म्हणून तेही षष्ठीत आहे. ‘आला’ म्हणजे पंख, ‘अली’ म्हणजे पंखाचा. ‘नेसाय’ म्हणजे नाकाचा, आणि नाकाचा पंख म्हणजे नाकपुडीची बाहेरची कड. राहिला तो मधला ‘क्वी’. हा शब्दाच्या शेपटीला चिकटणारा ‘आणि’ आहे, आणि तू आठवी ते दहावी संस्कृत घेतले असशील तर तुला तो ओळखीचा आहे, कारण ‘रामः लक्ष्मणश्च’ यातला ‘च’ त्याचा सख्खा भाऊ आहे. तोही दोन शब्दांच्या मध्ये न येता दुसऱ्या शब्दाच्या मागे येतो. सगळे जोडले की अर्थ होतो, वरच्या ओठाला आणि नाकपुडीच्या कडेला वर उचलणारा. आरशासमोर उभी राहून नाक मुरडून बघ. तुझ्या चेहऱ्यावर हा स्नायू तुला काम करताना दिसेल.

इंग्रजीत नामांना अशा विभक्त्या उरलेल्या नाहीत आणि विशेषणाला लिंग नाही. मराठीत दोन्ही आहेत. ‘चा-ची-चे’ शाळेत तक्त्यातून शिकलेल्या मुलीला ‘लॅटिसिमस डॉर्साय’मधला शेवटचा ‘आय’, ‘लेव्हेटर स्कॅप्युली’मधला ‘ई’ आणि ‘बायसेप्स फेमोरिस’मधला ‘इस’ हे तिन्ही आपले ‘चा’ आहेत हे एका दुपारी समजते. त्याच दुपारी अनेकवचनाची षष्ठीही उरकून घे: ‘फ्लेक्सर डिजिटोरम’ म्हणजे बोटांचा वाकवणारा, ‘डिजिटस’ म्हणजे बोट. वैद्यकीय विद्यार्थ्याला लॅटिन व्याकरण साधारण एवढेच पुरते.

काही शब्दांशी तुझे थेट नातेही आहे, कारण संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषाकुळातल्या. यकृताला लॅटिनमध्ये ‘येकुर’ म्हणत, गुडघा म्हणजे ‘गेनू’ आणि आपला जानु, ‘डेन्स’ म्हणजे दंत, ‘ऑस’ म्हणजे अस्थी, ‘नासुस’ म्हणजे नासिका. हे वाचून आनंद होतो, पण इथे तुला सावधही करायला हवे, कारण नात्यातले शब्द पिढ्यांमध्ये अर्थ बदलतात. ‘नर्व्ह’चेच बघ. लॅटिन ‘नेर्वुस’ आणि ग्रीक ‘नेउरॉन’ यांचा जुना अर्थ चिवट दोरी, कंडरा (मांसपेशीला हाडाशी बांधणारी दोरी, टेंडन) असा होता आणि संस्कृत ‘स्नायु’ त्यांच्याच मुळातला आहे. प्रेत उघडल्यावर कंडराही पांढऱ्या दोरीसारखी दिसते आणि मज्जातंतूही, त्यामुळे तिकडे तो शब्द हळूहळू मज्जातंतूकडे सरकला. इकडे मराठीत ‘स्नायू’ मांसपेशीकडे सरकला. मूळ अर्थ उरला तो ‘अपोन्यूरोसिस’ या शब्दात, जी पसरट कंडराच असते आणि जिचा नर्व्हशी काहीएक संबंध नसतो. पेपरात या जागी मुले हमखास चुकतात.

व्युत्पत्तीवर डोळे मिटून विसंबू नये हे सांगणारी अशी आणखी ठिकाणे आहेत. मेलेल्या शरीरात धमन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून हवा वाहते असे काही प्राचीन ग्रीकांना वाटले. दुसऱ्या शतकात गेलेन या ग्रीक वैद्याने त्यांत रक्त असते हे दाखवून दिले, पण ‘आर्टरी’ हे नाव तसेच राहिले, जे एके काळी श्वासनलिकेलाही वापरत. ‘पिट्युइटरी’मधला ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ. मेंदूतला कफ त्या ग्रंथीतून नाकात उतरतो अशी जुनी समजूत होती. अशा शब्दांत अर्थ सापडतो तो अवयवाचा नाही, जुन्या माणसांच्या चुकीचा, आणि तो तसाच लक्षात ठेवावा. फॅलोपिअन नलिकेसारखी नावे तर माणसांच्या नावांवरून आली आहेत, गाब्रिएले फालोप्पिओ हा सोळाव्या शतकातला इटालियन शरीरशास्त्रज्ञ; तिथे सोडवायला काही नाही, ती पाठच करावी लागतात. मात्र एका गोंधळातून तुला व्युत्पत्तीच बाहेर काढील. एका पुस्तकात ‘पेरोनिअल नर्व्ह’ लिहिलेले असते, दुसऱ्यात ‘फिब्युलर नर्व्ह’, आणि मुलांना वाटते या दोन आहेत. ‘फिब्युला’ लॅटिन आणि ‘पेरोने’ ग्रीक. दोन्हींचा अर्थ कपडा अडकवायची टाचणी. नर्व्ह एकच आहे, १९९८ च्या आंतरराष्ट्रीय शब्दावलीने फिब्युलर हे नाव पुढे ठेवले आहे.

तुझ्या भावासाठी थोडे वेगळे लिहिते. त्याला सांग की झाडाच्या नावातला दुसरा शब्द बहुतेक वेळा विशेषण असतो आणि ते विशेषण मराठीतल्यासारखे पहिल्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे बदलते. ‘पेरलेले, लागवडीचे’ या अर्थाचा एकच शब्द केशराच्या नावात ‘क्रोकस सटायव्हस’ होतो, भाताच्या नावात ‘ओरायझा सटायव्हा’ आणि वाटाण्याच्या नावात ‘पायसम सटायव्हम’. चांगला, चांगली, चांगले. मग पिंपळाचे नाव ‘फायकस रिलिजिओसा’ का, ‘रिलिजिओसस’ का नाही, हा प्रश्न त्याला पडला असेल तर तो हुशार मुलगा आहे. लॅटिनमध्ये झाडांची नावे, शेवट पुल्लिंगी दिसला तरी, सहसा स्त्रीलिंगी धरत. एवढा एक नियम कळला की शुद्धलेखनाच्या अर्ध्या चुका थांबतात.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली दोन शब्दांच्या नावांची ही पद्धत वनस्पतींना सरसकट लागू केली तेव्हा त्याने आपल्याकडचे शब्दही उचलले. धोतऱ्याचे ‘दातुरा’ हे संस्कृत धत्तूरच आहे. चिंचेचे ‘टॅमरिंडस इंडिका’ हे अरबी ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर, आणि पुढे पुन्हा इंडिका, म्हणजे एकाच नावात हिंदुस्थान दोनदा आला. लाजाळूचे नाव ‘मिमोसा प्युडिका’ आहे आणि प्युडिका म्हणजे लाजरी. त्याला स्पर्श केल्यावर जे मराठी पोराला वाटले तेच लिनिअसच्या काळच्या युरोपीय माणसाला वाटले. पारिजातकाला मात्र तिकडे ‘निक्टँथस आर्बर-ट्रिस्टिस’ म्हटले: रात्रीचे फूल, उदास झाड. पहाटे अंगणभर फुले सांडून रिते होणारे झाड ज्याने पाहिले असेल त्याला हे नाव विसरणे अवघड आहे.

आता तुझ्या तीन पर्यायांकडे. लॅटिनचा वर्ग सध्या लावू नको. भाषा म्हणून लॅटिन शिकवणारा वर्ग तुला क्रियापदे चालवायला लावील, आणि शरीररचनेच्या नावांत क्रियापदे जवळजवळ नसतातच; ते पैसे घरी मागण्याचा संकोच करायचीही मग गरज नाही. माझ्या अनुभवात दीड-दोनशे मूळ शब्द आणि पंधरा-वीस प्रत्यय एवढ्यावर पहिले वर्ष पार पडते, आणि ते चांगल्या मेडिकल डिक्शनरीत प्रत्येक शब्दाशेजारी दिलेले असतात; ती ग्रंथालयात मिळते.

मैत्रिणीचा सल्ला अर्धा बरोबर आहे. आद्याक्षरांची वाक्ये क्रम लक्षात ठेवायला उपयोगी पडतात, बारा क्रेनिअल नर्व्ह किंवा मनगटातली आठ हाडे कोणत्या ओळीने येतात ते त्याने आठवते. पण स्पॉटिंगला, म्हणजे पुढे ठेवलेली वस्तू ओळखायच्या परीक्षेत, एकच सुटे हाड पुढे ठेवले तर ते वाक्य मुके होते. तिथे ‘स्कॅफॉइड’ म्हणजे होडीसारखे, ‘ल्युनेट’ म्हणजे चंद्रकोरीसारखे, ‘पिसिफॉर्म’ म्हणजे वाटाण्यासारखे (भावाच्या पायसमची बहीण) आणि ‘हॅमेट’ म्हणजे गळासारखा आकडा असलेले, हे ठाऊक असणारा हात हाड उचलून ओळखतो. दोन्ही साधने ठेव. क्रमाला वाक्य, ओळखीला अर्थ.

क्षेत्र सोडण्याचा विचार मात्र या कारणासाठी करू नको. तुला माणसांवर उपचार करायचे नसतील तर गोष्ट वेगळी, पण तुझ्या पत्रात तसे एक अक्षरही नाही. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: पुस्तकातली इंग्रजी वाक्येच कळत नसतील, तर शब्दांची मुळे कितीही शोधलीस तरी ती अडचण सुटणार नाही. ती वेगळी आहे आणि तिचा उपाय कंटाळवाणा आहे, रोज दोन पाने मोठ्याने वाचणे आणि प्रत्येक परिच्छेदानंतर पुस्तक मिटून आपल्या शब्दांत तो सांगणे. दोन अडचणी एकत्र कालवल्या की डोंगर वाटतो, म्हणून आधी त्या निरनिराळ्या कर.

पद्धत अशी ठेव. एक जाड वही घे. प्रत्येक शब्दापुढे त्याचे रोमन स्पेलिंग, देवनागरीत उच्चार, मूळ वस्तू, तुझ्या घरातला शब्द, आणि तो भाग तू कधी हाताने चाचपलास ती तारीख लिही. शेवटचा रकाना सोडू नको. डिसेक्शन हॉलमध्ये बोट ज्यावर टेकलेले नाही तो शब्द वहीतही फार दिवस टिकत नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जरूर चाळ, पण पहिल्या वर्षी तिथले संस्कृत प्रतिशब्द लॅटिनबरोबर शेजारी ठेवून पाठ करायला जाऊ नको, ओझे दुप्पट होईल. तुझ्या रकान्यात आजीचा शब्द असू दे: वाटी, पोटरी, बेटकुळी, झडप. ही वही पाहून कुणी हसेल अशी भीती असेल तर ती पाठ्यपुस्तकाच्या कव्हरात घालून ठेव, पण लिही.

उच्चारांबद्दल मनातली लाज काढून टाक. हेच शब्द इटलीतला डॉक्टर एका तऱ्हेने म्हणतो, जर्मनीतला दुसऱ्या आणि इंग्लंडमधला तिसऱ्या, आणि रोमन माणसाने आज ऐकले तर तिघांचेही त्याला विचित्र वाटेल. अडखळलीस तर थांब, शब्द तोड आणि पुन्हा म्हण: गॅस्ट्रो, क्नेमिअस. जी मुले त्या दिवशी हसली त्यांना ‘क्नेमे’ म्हणजे काय ते आता तू सांगू शकतेस, आणि रागाने सांगितलेस तरी माझी हरकत नाही.

भावालाही तशीच वही करायला सांग आणि दर रविवारी फोनवर दोघांना सामाईक असलेले तीन शब्द एकमेकांना समजावून द्या. असे शब्द पुष्कळ आहेत: ‘कॉर्टेक्स’ म्हणजे झाडाची साल, ‘रॅमस’ म्हणजे फांदी, ‘प्लॅसेंटा’ म्हणजे चपटी पोळी, ‘न्यूक्लिअस’ म्हणजे कठीण कवचाच्या आतली बी. एका जोडीपासून मात्र दोघांनीही जपा. तुझ्या ‘कार्पल’मधले (मनगटाची हाडे) ‘कार्पॉस’ म्हणजे मनगट आणि त्याच्या ‘कार्पेल’मधले (फुलाचा बीजे धरणारा भाग) ‘कार्पॉस’ म्हणजे फळ. ग्रीकमध्ये आवाज एक असला तरी हे दोन निराळे शब्द आहेत.

सुरुवात ‘हायलम’ने करा. घरी बिरड्यासाठी वाल भिजत घातले असतील तेव्हा भावाला एक दाणा उचलून त्याच्या कडेवरची पांढरी रेघ पाहायला सांग. दाणा शेंगेला जिथे चिकटलेला होता ती ही जागा, तिचे नाव हायलम. रोमन व्याकरणकार हा शब्द शेंगेतल्या दाण्याला चिकटून राहणाऱ्या क्षुल्लक अंशासाठी सांगतात, आणि ‘तेवढेही नाही’ असे म्हणताना लॅटिनमध्ये जो ‘निहिल’ शब्द झाला त्यात हाच हायलम आहे, आपल्या ‘तिळभरही नाही’सारखा. त्याच वेळी तू मूत्रपिंडाच्या आतल्या बाजूच्या खोबणीवर बोट ठेव, जिथून रीनल आर्टरी आत शिरते आणि रीनल व्हेन व युरेटर बाहेर पडतात. त्या जागेचे नावही हायलमच आहे. मग दोघांनी एकमेकांना विचारा की आपापल्या हायलममधून काय आत येते आणि काय बाहेर जाते.